दम तयार, पाय बाकी

१९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात जुनाच वाद पुन्हा रंगला: सगळ्यांत तंदुरुस्त कोण, पोहणारे की पळणारे? अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यात सायकलवाल्यांची बाजू घुसवली. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू वापरण्याची क्षमता सर्वांत जास्त असल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. वाद एकदाचा मिटावा म्हणून बेटावरच्या तीन निरनिराळ्या स्पर्धा एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायच्या ठरल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. गॉर्डन हॅलरनं त्याला मॅरेथॉनमध्ये गाठलं आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला नंबर पटकावला. (डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर दिली, त्या काळातल्या क्रीडाविज्ञानाची पातळी त्यावरून ताडावी.) आज 'आयर्नमॅन' म्हणून ओळखली जाणारी शर्यत ती हीच. वाद मात्र मिटला नाही, आणि मिटणारही नव्हता. तंदुरुस्ती ही एकच रक्कम असते, ती कुठल्याही खेळाच्या खात्यात जमा केली तरी दुसऱ्या खात्यातून काढता येते, असं त्या वादात गृहीतच धरलं होतं. ट्रायथलॉनची तयारी करता करता पहिली मॅरेथॉनही उरकून टाकू म्हणणारा प्रत्येक जण आजही हेच गृहीत धरतो.

महाराष्ट्रातल्या हौशी खेळाडूंच्या बाबतीत या समजुतीला कॅलेंडरही साथ देतं. २०१९ मध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' पहिल्यांदा झाली: समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी धावणं. ही शर्यत पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. २०२४ ची गोव्याची शर्यत २७ ऑक्टोबरला होती, त्यानंतरची मुंबईची १९ जानेवारी २०२५ ला. मध्ये बरोबर बारा आठवडे. हा आकडा मोठा मोहात पाडणारा आहे, कारण मॅरेथॉनचे कितीतरी तयार आराखडे बारा ते सोळा आठवड्यांचेच असतात. निम्मं अंतर गोव्यात पळून झालेलंच आहे, दम आहे, शिस्त आहे, उरलेलं निम्मं तीन महिन्यांत जमवू, असा हिशेब मनात आपोआप होतो. हा हिशेब निम्माच बरोबर आहे. ट्रायथलॉनच्या तयारीतून हृदय आणि फुप्फुसं मॅरेथॉनला जवळजवळ तयार होतात. हाडं, कंडरा आणि मांड्यांचे स्नायू होत नाहीत, आणि त्यांना लागणारा वेळ बारा आठवड्यांत मावत नाही. मुंबईची तयारी गोव्यानंतरच्या सोमवारी सुरू होत नसते. ती जून-जुलैत, ट्रायथलॉनच्या वेळापत्रकाच्या पोटातच सुरू व्हावी लागते.

या म्हणण्याला आधार देणारा सर्वांत सुबक प्रयोग स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना स्थिर सायकलवर एकाच पायानं व्यायाम करायला लावला. काहींचा दुसरा पाय रिकामाच राहिला, काहींच्या दोन पायांना निरनिराळ्या प्रकारचा व्यायाम मिळाला. काही आठवड्यांनी स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांचं प्रमाण व्यायाम केलेल्या पायात वाढलं होतं. रिकाम्या पायात वाढलं नव्हतं. दोन्ही पायांना रक्त पुरवणारं हृदय एकच, शरीरातली संप्रेरकंही तीच, जेवणही तेच, आणि तरीही एक पाय बदलला अन् शेजारचा तसाच राहिला. रिकाम्या पायाची कामगिरी अगदीच जिथल्या तिथे राहिली असं नाही. हृदयाच्या वाट्याची थोडी सुधारणा त्यालाही मिळाली. पण जो स्नायू प्रत्यक्ष राबला, मोठी मजुरी त्यालाच मिळाली. सहनशक्तीच्या सरावाचे असे दोन हिस्से पडतात: सगळ्या शरीराला वाटून मिळणारा आणि ज्याचा त्यानंच कमवायचा. ट्रायथलॉन आणि मॅरेथॉन यांच्यातल्या देवघेवीचा सगळा प्रश्न या वाटणीचा आहे.

मग सायकल आणि पोहणं यांतून धावण्याच्या खात्यात नेमकं किती येतं? हिरोफुमी तनाका यांनी १९९४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, एका खेळातून दुसऱ्यात काही प्रमाणात जाते. धावण्यातून सायकलकडे चांगली जाते आणि पोहण्यातून फारच थोडी. मात्र दुसऱ्या खेळाचा सराव त्याच खेळाच्या सरावापेक्षा सरस ठरल्याचं कुठे दिसत नाही. ग्रेगॉयर मिये आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अव्वल ट्रायथलीटांच्या सरावाच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा सायकल आणि धावणं यांच्यात देवघेव दिसली, पोहण्याची धावण्याशी दिसली नाही. त्या अभ्यासातले खेळाडू मोजके होते हे खरं, पण निष्कर्ष तनाकांच्या आढाव्याशी जुळतो. त्यामुळे दोन शर्यतींची तयारी करणाऱ्यानं आठवड्याचे एकूण तास मोजणं सोडून दिलेलं बरं. दहा तासांच्या आठवड्यात तीन तास पोहणं, पाच तास सायकल आणि दोन तास धावणं असेल, तर हृदयाच्या दृष्टीनं तो भरगच्च आठवडा आहे, आणि नडगीच्या हाडाच्या दृष्टीनं दोन तासांचा.

इथे एक गोष्ट उलटी होते. पहिली मॅरेथॉन पळू पाहणारा साधा नवशिका आणि सायकल-पोहण्यानं मुरलेला ट्रायथलीट यांत दुखापतीचा धोका कुणाला जास्त? बहुतेक जण नवशिक्याकडे बोट दाखवतील. पण नवशिक्याला एक पहारेकरी आपोआप मिळालेला असतो: त्याला धाप लागते. पाचव्या-सहाव्या किलोमीटरला छाती भरून येते, तो थांबतो, चालतो, घरी जातो. पोटऱ्यांना आणि नडग्यांना फार काही सोसावं लागण्याआधीच दिवस संपलेला असतो. ट्रायथलीटाला हा पहारेकरी नसतो. घाटात सायकल दामटून ज्याचं हृदय तयार झालं आहे, त्याला वीस किलोमीटरला बोलता बोलता पळता येतं. घड्याळातली नाडी शांत असते, श्वास शांत असतो, आणि म्हणून आणखी पाच किलोमीटर सहज जोडले जातात. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का परत येतो. साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करणारा माणूस सुमारे ४५ हजार पावलं टाकतो. यांतलं एकही पाऊल नाडीच्या घड्याळात उमटत नाही. ट्रायथलीटांच्या दुखापतींच्या अभ्यासांत तीन खेळांपैकी धावणंच आघाडीवर दिसतं, याचं नवल वाटायला नको.

हृदयाची सुधारणा आठवड्यांत दिसते, कंडरेची महिन्यांत. किती सावकाश, याचा पुरावा एका अजब ठिकाणाहून आला. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण झपाट्यानं वाढलं आणि पुढे हळूहळू उतरत गेलं. हा कार्बन वनस्पतींत, तिथून अन्नात आणि अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. त्यामुळे एखादी पेशीबाह्य रचना कोणत्या वर्षांत बांधली गेली याची खूण तिच्यात राहून जाते. डेन्मार्कमधल्या कात्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या टाचेमागच्या कंडरेत, म्हणजे पळणारे जिला 'अकिलीस' म्हणतात तिच्यात, हा कार्बन मोजला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: कंडरेचा गाभा उंची वाढण्याच्या वयात, साधारण सतराव्या वर्षापर्यंत बांधला जातो, आणि त्यानंतर जवळजवळ नव्यानं भरला जातच नाही. स्नायूंमध्ये मात्र नूतनीकरण स्पष्ट दिसलं. चाळिशीत मॅरेथॉन पळायला निघालेला माणूस शाळेत असताना घडलेल्या कंडरेवर पळत असतो. याचा अर्थ कंडरा सुधारतच नाही असा नाही. नियमित आणि पुरेसा जड भार दिला, तर तीनेक महिन्यांत तिचा ताठरपणा वाढलेला मोजता येतो. पण तो भार द्यावा लागतो, आणि सायकलच्या पेडलवर किंवा पाण्यात तो मिळत नाही.

हाडांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण हाड मजबूत होण्याआधी काही काळ कमकुवत होतं. नवा भार आला की आधी जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांचं काम काही आठवड्यांत उरकतं. भरून काढणाऱ्या पेशींना मात्र महिने लागतात. या मधल्या काळात हाडाला आधीपेक्षा जास्त झेपेल असं समजून भार वाढवत नेला, की सूक्ष्म तडे साठत जातात. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंच्या मणक्यातल्या हाडांची घनता कमी आढळते हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पोहणाऱ्यांची हाडं साधारणपणे न खेळणाऱ्यांइतकीच असतात. म्हणजे ट्रायथलॉनच्या तीन खेळांपैकी दोन हाडांना काहीच शिकवत नाहीत. पण हाडांच्या संशोधनातच एक आशेची जागाही आहे. अलेक्झांडर रॉबलिंग, डेव्हिड बर आणि चार्ल्स टर्नर यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की एका बैठकीत काही धक्के मिळाल्यावर हाड पुढच्या धक्क्यांकडे दुर्लक्ष करू लागतं, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा दखल घेतं. तेवढेच धक्के दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी दिले तर हाड जास्त बळकट झालं. उंदरावरून थेट माणसाचा आराखडा काढता येत नाही, हे कबूल. तरी कल त्याच दिशेचा आहे: आठवड्यातून एकदाच दोन तास पळण्यापेक्षा पाच वेळा थोडं थोडं पळणं हाडांना जास्त शिकवतं. आणि ट्रायथलीटाकडे त्यासाठी आयती सोय आहे. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव, म्हणजे 'ब्रिक', तो करतोच. जुलैपासून प्रत्येक सायकल सत्रानंतर पंधरा-वीस मिनिटं हळू पळण्याची सवय लावली, तर वेळापत्रकात वेगळा तास न मागता हाडांना आठवड्यात दोन-तीन जादा भेटी मिळतात. या धावा इतक्या छोट्या असतात की त्यांची कुणाला फुशारकी मारता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्या आधी गाळल्या जातात.

हौशी खेळाडूला लागू पडणारी गोष्ट अव्वल खेळाडूला लागू पडत नसेल, अशी शंका येऊ शकते. ग्वेन जॉर्गेन्सन हे त्याचं बोलकं उदाहरण आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं ट्रायथलॉनचं सुवर्णपदक मिळवलं, अमेरिकेचं या खेळातलं पहिलं. ती विद्यापीठाच्या संघातून पळलेली धावपटू, आणि ट्रायथलॉनमध्ये तिचं हत्यार शेवटची दहा किलोमीटरची धावच होतं. रिओनंतर अकरा आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, ती न्यूयॉर्क मॅरेथॉन पळाली: २ तास ४१ मिनिटं १ सेकंद, चौदावी. कुठल्याही हौशी धावपटूला हेवा वाटावा अशी ही वेळ आहे. पण ट्रायथलॉनमधल्या दहा किलोमीटरला जगात जिचा पाठलाग कुणाला जमत नव्हता, तिच्या मानानं ती साधीच. पुढे तिनं ट्रायथलॉन सोडून मॅरेथॉनच धरली. २०१८ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये तिची वेळ २:३६:२३ झाली, क्रमांक अकरावा. पुढच्या वर्षी टाचेची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि काही वर्षांनी ती ट्रायथलॉनकडे परतली. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कचा मार्ग चढउतारांचा आहे, आणि शिकागोच्या आदल्याच वर्षी ती आई झाली होती. या सगळ्या सवलती देऊनही एवढं उरतंच: जगातल्या उत्तमांपैकी एका हृदयालाही लांब अंतराचे पाय आपोआप मिळाले नाहीत.

या युक्तिवादावर पहिला जोरदार आक्षेप येतो तो 'कमी पळा, जास्त कमवा' म्हणणाऱ्यांकडून. अमेरिकेतल्या फर्मन विद्यापीठातल्या बिल पिअर्स, स्कॉट मर आणि रे मॉस यांनी आठवड्यात तीनच धावा आणि जोडीला दोन सत्रं सायकल किंवा पोहणं असा मॅरेथॉनचा आराखडा लोकप्रिय केला, आणि त्यावर कितीतरी लोक यशस्वीपणे पळाले. मग आणखी धावांचा हट्ट कशाला? आराखडा नीट वाचला तर दिसतं, की त्यात सायकलनं बदललेल्या धावा या हळू, भरतीच्या धावा आहेत. लांब धाव कुठेही बदललेली नाही. उलट ती वीस मैलांपर्यंत, म्हणजे ३२ किमीपर्यंत, वारंवार जाते आणि तीही ठरलेल्या वेगानं. शिवाय तो आराखडा आधीपासून पळणाऱ्यांसाठी आहे. त्यात शिरण्याआधी पायांनी बरीच मजुरी केलेली असते. थोडक्यात, तो आमच्या बाजूचाच साक्षीदार आहे. सायकल धावण्याचे तास कमी करू शकते, लांब धाव रद्द करू शकत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर, कारण तो पुराव्यानिशी येतो. धावणं आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या इडा बाउस्ट आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून जास्त नवशिक्यांच्या दोन गटांवर तो तपासला. एक गट तेरा आठवड्यांत हळूहळू वाढवत गेला, दुसरा आठ आठवड्यांत भराभर. २००८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत दुखापती सारख्याच, सुमारे वीस टक्के. मग सावकाशीचा एवढा उपदेश का? या प्रयोगातलं अंतिम अंतर चार मैल होतं, मॅरेथॉन नव्हे, हे उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदी दीड वर्ष पाहिल्यावर आठवड्याच्या बेरजेतली वाढ आणि दुखापत यांचं अपेक्षित नातं सापडलं नाही. नातं सापडलं ते एकेका धावेशी. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांब धाव घेतली की दुखापतीचा धोका ठळकपणे वाढत होता. म्हणजे जुन्या नियमातला आकडा बरोबर निघाला, फक्त तो चुकीच्या गोष्टीला लावलेला होता. आठवड्याची बेरीज थोडी इकडे-तिकडे झाली तर हाडं क्षमा करतात. एका सकाळी अचानक वाढवलेलं अंतर ती लक्षात ठेवतात.

हे सूत्र हातात घेऊन गोवा ते मुंबई हे बारा आठवडे पुन्हा मोजून पाहू. गोव्यातली २१ किमीची धाव पायाशी धरली आणि पहिले दोन आठवडे सावरण्यात गेले, तर तिसऱ्या रविवारी २३ किमी, चौथ्या २५. मग एक हलका आठवडा. नंतर २७, २९, पुन्हा एक हलका, आणि वर्षाच्या शेवटच्या रविवारी ३१. उरलेले तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. शिडी जेमतेम बसते, तीही एकही पायरी न चुकता: सर्दी-पडसं नाही, दिवाळीनंतरचा प्रवास नाही, डिसेंबरातलं लग्न नाही. आणि ही शिडी त्याचीच, ज्यानं गोव्याआधी अठरा-एकोणीस किमी एका दमात पळून ठेवले होते. बहुतेक हौशी ट्रायथलीट सप्टेंबर-ऑक्टोबरात सायकलवर भर देतात आणि लांब धाव बारा-चौदा किमीवर थांबवतात. त्यांच्यासाठी गोव्यातले २१ किमी हीच दीडपट उडी असते, आणि पुढची शिडी त्या उडीच्या टोकावर उभी राहते. जोतं न तपासता वाड्यावर मजला चढवण्यातला हा प्रकार आहे. एक गंमत मात्र सांगायलाच हवी: ३१ वरून थेट ४२ म्हणजे शर्यतीचा दिवस स्वतःच हा नियम तोडतो. तो धोका पत्करलेला असतो, एकदाच, तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर. म्हणूनच तशा उड्या सरावात खर्चून टाकू नयेत.

पक्क्या धावपटूंचा आक्षेप उलट बाजूनं येतो: एवढंच असेल तर गोव्यानंतर सायकल पोत्यात घालून ठेवा आणि नुसतं पळा. ऐकायला हे सरळ वाटतं, पण जे कमावलं आहे ते राखण्याची किंमत फार कमी असताना ते फेकून देण्यात शहाणपण नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नावर प्रयोगांची मालिकाच केली. आठवड्यात सहा दिवस, दहा आठवडे कसून सराव करून व्हीओटू मॅक्स वाढवलेल्या लोकांना त्यांनी नंतर चार किंवा दोनच दिवसांवर आणलं. दोन दिवसांवर आलेल्यांनीही पंधरा आठवडे कमाई टिकवून धरली. पण सत्रांची तीव्रता कमी केली तेव्हा मात्र ती घसरली. ट्रायथलीटासाठी याचा अर्थ सोयीचा आहे. आठवड्यात तासाभराची दोन जोरकस सायकल सत्रं ठेवली की हृदय जिथे आहे तिथे राहतं, आणि धावण्यात वेगाचे हट्ट करावे लागत नाहीत. धाप लावणारं काम सायकलवर, पावलं मोजणारं काम रस्त्यावर अशी विभागणी झाली, की बहुतेक धावा निर्धास्तपणे हळू ठेवता येतात. शनिवारी सकाळी शंभर किलोमीटर सायकल, रविवारी लांब धाव हा क्लबांमधला लाडका क्रम मात्र पहिल्या मॅरेथॉनपुरता मोडावा. थकलेल्या पायांनी पळायची सवय होते, हे त्याचं समर्थन खोटं नाही. पण पावलाचा धक्का हाडापर्यंत पोचण्याआधी जे स्नायू झेलतात, तेच आदल्या दिवशी थकवून ठेवल्यावर तो झेलायचा कुणी? लांब धाव ताज्या पायांनी आणि सायकल नंतर, इतका साधा बदल पुरतो.

मांड्यांची बाब वेगळी, आणि तिथे महाराष्ट्राचा भूगोल कामाला येतो. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो; पळताना, विशेषतः उतारावर, तो ताणला जात असतानाच जोर लावतो. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात मांड्या दगडासारख्या होतात त्या या दुसऱ्या प्रकारच्या कामामुळे, आणि सायकल त्याचा सराव देत नाही. पण स्नायूंचा एक गुण असा, की उताराच्या एकाच सत्रानंतर त्यांना काही आठवडे टिकणारं संरक्षण मिळतं. दुसऱ्या खेपेला दुखणं आणि नुकसान दोन्ही बरंच कमी होतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात चढायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं असतं. लोक चढाचा धसका घेतात; पायांना शिकवतो तो उतार. शर्यतीतच जायला हवं असं नाही, कुठल्याही टेकडीचा मध्यम उतार पंधरा दिवसांतून एकदा हळूहळू पळून काढला तरी चालतं. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना पुन्हा भेटतो, आणि त्याच्यामागोमाग उतारही.

खाण्याच्या बाबतीत ट्रायथलीट खरोखरच पुढे असतो, म्हणून तिथे फार रेंगाळण्याचं कारण नाही. पळताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी. स्नायू आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनमधून मिळतात साधारण दोन हजार. ही तूट भरून काढायला चालत्या सायकलवर खाण्यापिण्याची जी सवय लागलेली असते ती मोलाची; फक्त पळताना पोट हलतं, म्हणून तेच खाणं लांब धावेत पुन्हा तपासून घ्यावं. शर्यतीआधी भात-पोळीचा साठा करण्यामागचं शास्त्र १९६६ साली स्टॉकहोममध्ये योनास बेरिस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग करून शोधलं. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले, प्रत्येकानं एकच पाय वापरून तो पार रिकामा केला, मग तीन दिवस पिठूळ पदार्थ खाल्ले. राबलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या दुपटीच्या आसपास साठलं. साठासुद्धा ज्यानं खर्च केला त्यालाच मिळाला.

शेवटचा आक्षेप थेट मैदानातून येतो: पूर्ण आयर्नमॅन करणारे ३.८ किमी पोहून, १८० किमी सायकल चालवून मग मॅरेथॉनच पळतात. ताज्या पायांनी नुसती मॅरेथॉन त्याहून सोपीच असणार. सोपी आहे, आणि तिथेच ती घातक ठरते. आयर्नमॅनमधली मॅरेथॉन थकव्यामुळे आपोआप हळू होते, पाणी देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी माणूस चालतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मुंबईत पहाटेच्या अंधारात ताज्या पायांनी आणि शांत नाडीनं निघालेला ट्रायथलीट पहिले पंधरा किलोमीटर ज्या वेगानं काढतो, तो त्याच्या हृदयाचा वेग असतो, पायांचा नव्हे. त्यानं वेग लांब धावांवरून ठरवावा, सायकलच्या आकड्यांवरून नाही. आणि निघावं की नाही हे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, २७ किमीची धाव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरवावं. जिना उतरताना मांड्या दुखल्या तर हरकत नाही. ते दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. पण नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर शिडी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं. सायकल आणि पोहणं डॉक्टरांच्या सल्ल्यानं बहुधा चालू ठेवता येतं, म्हणजे हृदयाचं फारसं काही बुडत नाही. हाड भरायला जे दोन-तीन महिने लागतात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत जातात. त्यानंतर उन्हाळा आणि पाऊस छोट्या धावांना मोकळा मिळतो, आणि जुलैत लांब धावेची शिडी पुन्हा खालच्या पायरीपासून लावता येते.